चार बोटं

चौदा महिने ती मुनाफभाईच्या शेडमध्ये होती,
मिरकरवाड्याला, बर्फाच्या कारखान्यामागे,
अंगावर फाटकं जाळं,
बॉनेटवर कुणाचीतरी मांजर, पुढे तिची पिल्लं.
मी दर शनिवारी जायचो, दवाखान्यात जातात तसा,
हातात काहीतरी घेऊन,
मुख्य प्रश्न टाळत.

गोव्यात बनलेली, दोन सीटची, फायबरच्या अंगाची.
एका रात्री पाली घाटात तिनं सगळं पाणी उकळून टाकलं
आणि डावा गाल कठड्यावर ठेवून आली.
विकून टाक, म्हणाले सगळे.
भंगारवाला म्हणाला, हिच्यात लोखंड कुठाय?

मुनाफभाई ट्रॉलरची इंजिनं बांधतो.
हिचं जुनं इंजिन त्यानं बाजूला काढलं,
म्हणाला, हे वाटण वाटायला ने घरी.
नवं आलं पुण्याहून, ठोकलेल्या एका गाडीचं, टर्बोसकट.
इंटरकूलर कुठे बसवायचा
यावर आम्ही अख्खा पावसाळा भांडलो.
गाल केला वरवड्याच्या विनू तोडणकरनं, जो होड्या करतो.
मॅट, रेझिन, पुन्हा मॅट,
आणि हाताच्या सवयीनं
त्यानं गालाला नाळेची धार दिली.
स्प्रिंगा कापल्या. पोट जमिनीपासून चार बोटं.
बोटं माझी. मुनाफभाईच्या उजव्या हाताला तीनच,
चौथं विंचनं नेलं.

पौषातली पहाट. शिरगाव मागे पडलं.
तिसऱ्या गिअरला, साडेतीन हजारावर,
पेजेचं झाकण उडायच्या आधी येतो
तसला एक आवाज आला, दबलेला,
आणि सीटनं मला पाठीतून ढकललं.
मी ओरडलो.
काय ओरडलो ते सांगत नाही, वय पंचेचाळीस.

आरे-वारेचा चढ. डावीकडे नुसता समुद्र.
पूर्वी हे वळण मी हिच्याकडे मागून घ्यायचो,
हातापाया पडून.
आता ती माझ्या आधी वळणात शिरलेली,
आणि माझं पाऊल अजून जुन्या ब्रेकांचं,
गरजेपेक्षा खोल दाबणारं,
त्यामुळे प्रत्येक वळणावर आम्ही दोघं मान डोलवतोय.
फिल्टर मोहोराचा वास ओढत होता,
मोहोरापेक्षा फवारणीचा जास्त.
नेवऱ्याच्या पुढे सायकलवर शाळेची मुलगी.
मी ऐंशीवरून तिशीला.
तिनं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

जयगडला ओहोटी.
फेरीचा फळा खाली कललेला, जेट्टी वर राहिलेली.
पोऱ्यानं वाकून पाहिलं, आडवा हात केला :
"नाय जायची. पोट घासंल. पाणी चढू दे."
किती वाजतील?
"ते पान्याला इचारा."
एक टेम्पो गेला. दोन रिक्षा गेल्या.
सिलिंडर बांधलेली लुना गेली, माझ्याकडे बघत.

कोळंबीची पाटी घेऊन एक बाई सावलीला बसली होती.
"केवढ्याला पडली?"
मी घरी सांगितलेला आकडा सांगितला,
म्हणजे निम्मा.
"येवढ्यात होडी झाली असती."
म्हटलं, गाल विनू तोडणकरनं केलाय.
ती उठली, धारेवरून हात फिरवला,
वरून खाली, मग उलटा,
आणि बसली परत.
"मग झालीच की."

बॉनेट निवताना टिक टिक वाजत राहिलं.
पाणी शेवाळाच्या एकेका रेघेनं चढत होतं,
एवढ्या हळू की नजर लावली तर थांबायचं.
साडेअकराला पोऱ्यानं दोन फळ्या टाकल्या,
बोटानं बोलावत राहिला : ये, ये, ये.
चार बोटांची दोन झाली, दोनाचं एक,
मग कागद सरकेल एवढं.
घासली नाही.

हँडब्रेक ओढला. किल्ली फिरवली.
काटा शून्यावर, चाकांखाली लाकडी पाचरी,
सगळ्या घोड्यांसकट मी गप्प बसलेला,
आणि समोरून तवसाळ
आमच्याकडे यायला लागलं.