ताऱ्याचा क्रमांक

नाशिक रोडच्या प्रेसमध्ये एकतीस वर्षं मी चुका शोधल्या.
पुसट शाई, सरकलेली कड, रांगेतून डोकं वर काढलेला आकडा.
अंगठ्यानं शीट उलटायचं, नजर तिरकी ठेवायची,
लाल पेन्सिलीची खूण. बाद.
शेजारची मेहरुन्निसा म्हणायची,
तुझ्या डोळ्याला चाळणी लावलीय गं कुणी तरी.

आणि हे मात्र नजरेतून सुटलं.
बिटको चौकात रिक्षासाठी उभी होते,
छातीत कुणी पत्र्याच्या डब्यात वाटाणे हलवल्यासारखं झालं.
मला वाटलं, सकाळची मिसळ.

डॉक्टर खैरनारांनी कागदाची लांब पट्टी दिली.
मी सवयीनं ती खिडकीच्या उजेडात धरली.
अंतर चार घरं, मग दोन, मग सहा, मग तीन.
"दिसतंय का?"
दिसतंय. असलं शीट मी पुढं जाऊ दिलं नसतं.

गोळी तर सुरूच झालीय. रक्त पातळ राहावं,
गुठळी मेंदूकडं निघू नये.
परवा भोपळा चिरताना विळी लागली.
हळद, फडकं, ओटा, दुसरं फडकं,
वीस मिनिटं थांबेना.
प्रल्हाद माझं बोट घट्ट धरून उभे,
आणि बोलले काय, तर
"भाजी उद्या केली तरी चालेल."

झोपवून एक झटकाही देतात म्हणे,
अडलेला फ्रीज आपण बंद-चालू करतो तसा.
लय जागेवर येते.
कधी वर्षभर. कधी संध्याकाळपर्यंत.

आणि मांडीतून नळी, थेट काळजापर्यंत,
आत बारीक बारीक डाग.
डाग हा शब्द त्यांचा नव्हे, माझा.
सासूबाईंच्या पोटावर होते पाच, तान्हेपणी दिलेले,
भाताच्या शितांएवढे.
एकीकडं दुखलं की दुसरीकडं भाजायचं,
म्हणजे पहिलं गप्प बसतं.
डॉक्टर हसले. मग हसायचे थांबले.
"तसं नाही, काकू. म्हणजे… थोडं तसंच."
शंभरात सत्तरांना गुण येतो.
उरलेल्यांतले काही पुन्हा येतात, पुन्हा डाग घ्यायला.
आमच्याकडं शेकडा तीस बाद निघाले असते तर
मशीन थांबवून चौकशी बसली असती.

अवंती बंगळूरहून सांगते, करून टाक आई, एवढं काय.
धाकटा म्हणतो, थांब.
प्रल्हाद काही म्हणत नाहीत.
रात्री माझं मनगट धरून पडतात, ओठ हलतात,
अकरा, बारा, तेरा,
मग अडखळतात
आणि पुन्हा एकपासून.

रविवारी गंगेवर गेलो. धरणातून पाणी सोडलेलं.
पुलावर गर्दी, सगळ्यांचे डोळे दुतोंड्या मारुतीकडं.
गुडघ्याला लागलं. मांडीला लागलं.
आम्ही नाशिककर पूर असाच मोजतो.
कमरेच्या वर गेलं की भांडीबाजारातले लोक
न सांगता शटर उघडून माल वर चढवायला लागतात.
मला डॉक्टरांना विचारायचं होतं तेच तर हे:
माझं पाणी कुठवर आलंय?
कुठवर आलं की माल हलवायचा?
विचारलं मी वेगळंच. मेथी चालेल का.
चालेल म्हणाले, पण रोज सारखीच, कमीजास्त नको.
कमीजास्त नको! मला हसू फुटलं.

बाद नोटेचा नंबर मोकळा सोडत नाहीत.
त्या जागी दुसरी घालतात, आकड्याआधी एक तारा छापून.
दुकानदार उलटसुलट करून बघतो, कां-कूं करतो,
पण ती खोटी नसते.

पहाटे साडेतीनला एक मोठी फट पडते.
मी वाट बघते.
उशिरानं एक येतो, जडसा, बरगडीला धक्का देत,
तारा लावून.
घेते मी तो.

सोळा तारखेची वेळ घेतलीय.
आदल्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत रद्द करता येते,
असं फोनवरच्या बाईनं
दोनदा सांगितलं.