सहा नंबर

"चेडू कितवीत आसा?" म्हापसेकरांनी विचारलं
काचेखालचे खडू काढता काढता.
बारा रंगांची पेटी, झाकणावर पोपट.
"चेडवाक नाय. माकाच व्हये," मी म्हटलं,
आणि हजेरीकार्डात घडी घातलेली
आरोलकर सरांची यादी पुढे केली.
त्यांनी पोपट आत ठेवला.
चष्मा लावला.

एकवीस वर्षं मी वेंगुर्ल्यात काजूवर आहे.
एकशेऐंशी म्हणजे टपोरा गर, परदेशी जाणारा,
तीनशेवीस म्हणजे रोजचा.
आकडा वाढला की दाणा लहान होतो,
हे माझी बोटं झोपेतसुद्धा सांगतील.
इथे सगळं उलट.
दोन नंबरचा ब्रश मांजराच्या मिशीएवढा
आणि बारा नंबर चांगला अंगठ्याएवढा.
पेन्सिलींचं तर आणखी तिसरंच:
एचबी, टूबी, सिक्सबी,
आकडा चढेल तसा काळोख चढतो.
तिन्ही घेतल्या.
काळोख फारसा महाग नव्हता.
"सिक्सबी पाडू नको," ते म्हणाले,
"आतल्याआत मोडता, भायरसून कळना नाय."

कागद पत्र्याच्या पेटीत होते,
कोपऱ्यात तांदळाची पुरचुंडी,
खाऱ्या हवेने कडा वळू नयेत म्हणून.
"जाड घे. पातळ कागद पाणी लागला काय पापडासारखो फुगता."
जाड एक ताव म्हणजे माझी अर्ध्या दिवसाची मजुरी.
दोन घेतले. चार-चार तुकडे करीन.
सरावाला फॅक्टरीतली जुनी चलनं आहेत,
पाठकोरी.

रंगांच्या नळ्या मोजल्या तर पाचच.
"हिरवो रवलो," मी म्हटलं.
"रवाक नाय. सर हिरवो घेवक देनत नाय.
निळ्यात पिवळो घाल नि कर तुझो तू."
मी दाराबाहेर पाहिलं.
माड, फणस, गडग्यावरचं शेवाळ,
समोरच्या रिक्षाची ताडपत्री,
एवढे हिरवे, आणि एकाचं दुसऱ्याशी पटत नव्हतं.
पांढराही यादीत नव्हता.
तो कागदाचाच, म्हणे. लावायचा नाही, सोडायचा.
काळाही नव्हता.
तपकिरीत निळा मिसळला की काळा होतो,
विकतच्या काळ्यापेक्षा जिवंत.
पहिली नऊ वर्षं मी फोडणीवर होते,
राख लावूनही टरफलाचं तेल बोटांत शिरायचंच.
नखांच्या कडेला ते अजून आहे.
मी हात काउंटरवर ठेवून नीट बघितलं:
तपकिरी. आणि हो,
अगदी आत, थोडा निळा.

हिशेब झाला तेव्हा एकशेदहा कमी पडत होते.
"उद्या दी," ते म्हणाले. मी नको म्हटलं.
उधारीवर सुरू केलेलं शिकणं
पहिल्याच आठवड्याला बंद पडेल अशी मला भीती होती.
मग त्यांनी तिन्ही ब्रश एकेक करून
पेल्यातल्या पाण्यात बुडवले, मनगटाने झटकले.
एका सहा नंबरला दोन टोकं आली.
"ह्यो नको." फुटका गर काढावा तसा बाजूला.
दुसऱ्या सहाला एकच आलं,
सरळ, सुईसारखं.
"ह्यो एकच ने. टोकान दोनाचा काम करता,
पोटान बाराचा. बाकीचे मगे बघू."

शनिवारी निवडणीच्या टेबलावर
पांढऱ्या गरांचा ढीग माझ्यापुढे ओतला.
पांढरा म्हणजे तीनशेवीस पांढरा,
पाटीवर लिहिलंय, गोणीवर लिहिलंय,
एकवीस वर्षं मीही तसंच म्हणत आले.
एक दाणा उचलला.
पाठीवर साईसारखा पिवळट,
बाकाच्या आत सावली,
आणि त्या सावलीला
मी आजवर नाव न दिलेला काहीतरी रंग.
पाच नळ्यांतल्या कुठल्या दोन, कळेना.

"काय बघतस गो? हात चालव,"
आग्नेस मुकादमीण पलीकडून ओरडली.
चालवला.
पण तो एक दाणा मी ओच्यात टाकला.
रविवारी सर विचारतील, काय काढणार?