दवाखाना दोन तारखेपर्यंत बंद

पाटी मी स्वतः लावली, कुलूप दोनदा ओढून पाहिलं,
आणि घरी येऊन बघते तर
बाबा दाराच्या फटीत अक्रोड धरून फोडतायत.
चला, दाढेखाली नाही धरला,
एवढी तरी सुधारणा.

बावीस वर्षं मी कुताइसीच्या तोंडात डोकावतेय.
रियोनीच्या अलीकडे-पलीकडे
कोण कुठल्या बाजूने चावतं, मला पाठ आहे.
भल्याभल्यांनी माझ्या खुर्चीत मुकाट आ वासलाय
आणि दर एकतीस डिसेंबरला हीच मंडळी
बाटलीचं बूच दातांनी उपटतात.
सांगून सांगून माझ्याच दातांच्या कण्या झाल्या:

गोड खायचं तर एकदा बसून खा,
येता-जाता तोंडात टाकत राहू नका.
वाईन झाली की खळखळून चूळ भरा, नुसत्या पाण्याने.
लगेच ब्रश घेऊन धावू नका, अर्धा तास थांबा.
आंबटाने हळवं झालेलं एनॅमल
नुकत्याच रडलेल्या माणसासारखं असतं,
त्याला घासूनपुसून ताबडतोब नीट करायला जाऊ नये.
शेवटी चीजचा एक तुकडा.
आणि गोझिनाकी...

इथे माझा आवाज खाली येतो.

गोझिनाकी आई करायची.
अक्रोड भाजून, मध आटवून,
ओल्या पाटावर लाटून, सुरीने तिरके तुकडे.
रात्रभर खिडकीत ठेवले की सकाळी खडखडीत.
एकेक तुकडा ज्याच्या त्याच्या तळहातावर ठेवत म्हणायची,
"असाच गोड म्हातारा हो."
बाबांना एकोणपन्नास वेळा म्हणाली.
झाले ते म्हातारे. गोडही, बहुतेक.
दात मात्र खाली पाच राहिले,
वर मी बसवलेली कवळी,
जी 'स' आला की शिट्टी घालते.
आणि आईचं नाव एस्मा.

म्हणून पेला घेऊन उठण्याआधी
ते कवळी काढून लोणच्याच्या बशीआड ठेवतात
आणि बोळक्या तोंडाने
गेलेल्यांची नावं घेतात.
नीट एकही उमटत नाही.
सगळ्यांना सगळी कळतात.

बारा वाजले, फटाके झाले, दार वाजलं.
वर्षाचा पहिला पाय घरात कुणाचा पडतो
त्याच्या पायगुणावर आमचं वर्ष जातं.
शेजारचा ओतिया.
एका हातात मिठाईची पिशवी, दुसरा गालावर.
"पाय माझा, खूण देवदूताची,"
अर्ध्या तोंडाने म्हणाला, रीत म्हणजे रीत,
आणि रुमाल उघडला:
आत दाढेचा कपचा, तांदळाएवढा.

"अक्रोडाचं टरफल?"
"नाही, गोझिनाकी."
"कुठल्या बाईने एवढी दगड केली?"
तो माझ्याकडे बघत राहिला.
काल मीच डबा दिला होता.
मध जरा जास्त आटला होता,
मला वाटलं होतं, आईचीही अशीच असायची.

सव्वा वाजता पाटीखालचं कुलूप काढलं.
हीटर गरम होईना, दिव्याभोवती तिघांच्या श्वासाची वाफ.
ओतिया आ करून पडला होता आणि त्याही अवस्थेत
घशातून काहीतरी सांगत होता,
बहुधा नव्या वर्षाच्या शुभेच्छा.
सुई दिली, दाढ बधिर व्हायची वाट बघत
बाहेरच्या बाकड्याकडे सहज मान वळवली.

बाबा.
कवळी घरीच राहिलेली, लोणच्याजवळ.
गालात माझ्या गोझिनाकीचा तुकडा,
चावता येत नाही म्हणून नुसता धरून ठेवलेला,
डोळे मिटून, एका बाजूने
तसूतसूने विरघळवत.

साखर अशी तोंडात साठवून ठेवणं,
तीही मधाची, तीही मध्यरात्री,
उरल्या पाच दातांना याहून वाईट काही नाही.
हे मी रोज दहा जणांना ओरडून सांगते.

पाण्याचा ग्लास भरला,
त्यांच्याशेजारी बाकड्यावर ठेवला,
आणि काही न बोलता आत आले.