नखभर चिखल

संपत थेटेची बोअरची गाडी
सकाळपासून मखमलाबादच्या मळ्यात उभी आहे.
दोनशे साठ फूट. काळा दगड, मग गेरूचा तांबडा पट्टा,
मग पुन्हा काळा.
राखाडी धुरळा द्राक्षाच्या पानांवर बसतोय
आणि मालक बांधावर उकिडवे बसून
फुटांचा हिशोब करतायत.

"ताई, तुम्ही समुद्रात गॅस शोधायच्या म्हणे.
तिथं खाली तळंच असतं काय?"

मी पर्समधून माझा तुकडा काढते.
अंगठ्याएवढा, गोल कापलेला वाळूचा खडक,
बावीस वर्षं माझ्या टेबलावर कागद दाबून बसलेला.
बाटलीच्या झाकणातून एक थेंब त्यावर.
थेंब गेला.
संपत त्याच्या काळ्या चिपेवर एक थेंब टाकतो.
तो तसाच राहतो, इवलंसं आभाळ दाखवत.

तळं नाही रे. असा दगड.
कणाकणांत फटी, फटींत वायू,
आणि एक फट दुसरीला लागून असेल
तरच तो वर यायला निघतो.

ही वाळू तिथं कशी गेली ते सांगते.
नदी समुद्राला मिळते, पण ओझं टाकून मोकळी होत नाही.
ओझं काठावर साचत राहतं,
एखाद्या रात्री कडा ढासळते,
आणि गढूळ लोंढा समुद्राच्या आतल्या घळीतून
उतरत जातो, कुणी न बघता,
जिथं उजेड कधीच पोचला नाही तिथवर.
जड कण आधी बसतात. मग बारीक.
मग खूप काळ काहीच नाही.
त्या काहीच नाही मध्ये
चिखल बसत राहतो, धुळीसारखा,
पुढचा लोंढा येईपर्यंत.

अकरा नंबरची विहीर आम्ही एका जाड थरात उतरवली.
लहरींच्या चित्रात तो एकच दिसत होता, सलग,
नकाशावर मीच तो पिवळा रंगवला होता.
पहिल्या वर्षी साहेबांनी पेढे वाटले.
दुसऱ्या वर्षी दाब उतरला.
तिसऱ्या वर्षी पाणी.
आणि वर, त्याच पिवळ्या रंगात,
अर्धा वायू जागच्या जागी बसून होता,
शेजारच्या बिऱ्हाडात काय चाललंय
याचा पत्ता नसल्यासारखा.

मग गाभ्याच्या पेट्या पुन्हा उघडल्या.
वेंकटरत्नमनं एका जागी नख फिरवलं
आणि म्हणाला, हे बघ.
नखाइतकाच जाड. करडा. गुळगुळीत.
इतकं बारीक आमच्या लहरींना दिसत नाही.
मैलभर पसरलेला एक नखभर चिखल
आणि त्याच्या वर एक घर, खाली एक घर.

प्रयोगशाळेचा कागद आठवड्यानं आला:
पाण्यानं फुगणारी माती,
काळ्या दगडाच्या झिजेतून आलेली असावी.

मी तो कागद फार वेळ हातात धरून बसले, संपत.
वाळूतले चकाकते कण आपले नव्हतेच,
ते पुढे वाटेत भेटलेल्या नद्यांनी दिलेले,
पूर्वेकडच्या जुन्या खडकांचे.
आपल्याकडून गेलं ते हे.
त्र्यंबकच्या डोंगरातून, गंगापूरच्या रानातून,
शाळेत जाताना माझ्या चपलांना
इतकी चिकटायची की काडीनं खरवडावी लागे, ती.

"म्हणजे आपलीच माती आडवी आली?"

कदाचित, म्हणते मी. लाखो वर्षांपूर्वीची.
तेव्हा आपलं असं कुणी नव्हतं.

तो हसत नाही.
कॉम्प्रेसर पुन्हा सुरू होतो,
तीनशे दहावर धुरळ्याचा रंग बदलतो,
नळीतून ओला गोळा पडतो.
संपत तो बोटांत चोळतो, वास घेतो,
माझ्या तळहातावर ठेवतो.

चिकट आहे.

मालक बांधावरून ओरडतात, पाणी?
संपत माझ्याकडे बघतो, मी त्याच्याकडे.
"अजून वीस फूट," तो म्हणतो,
आणि माझा खडक मला परत देताना
विचारतो, ह्यात गेलेला तो थेंब
आता बाहेर कसा काढायचा?