तो चौकोन

तोंगोयच्या उपसागरावर मी जाळी आखली,
एकेक चौकोन एक किलोमीटरचा.
एलेउतेरिओचं घर, होडी, लंगडं कुत्रं
सगळं एकाच चौकोनात मावलं,
आणि संगणकानं तो जमिनीत धरला.
"मग रोज माझे पाय कुठे भिजतात?"
त्यानं विचारलं, हसला नाही.

इथला वारा दक्षिणेचा.
सकाळी नसतोच. दुपारी उठतो
आणि समुद्राची साय ओढू लागतो.
पण पाणी त्याच्या मागोमाग जात नाही.
पृथ्वी फिरते, म्हणून कलतं डावीकडे,
खालचा थर त्याहून डावीकडे,
त्याखालचा आणखी,
दमत, मंदावत, वळणाच्या जिन्यानं अंधारात.
किनाऱ्याशी मग जागा रिकामी होते
आणि तळाचं गार पाणी वर येतं, हिरवट,
मासळीचा वास आधीच घेऊन.

"पाणी डावखुरं आहे," तो म्हणाला.
मला तेवढ्यालाच चार समीकरणं लागली होती.

चाळीस संत्री सोडली आम्ही, सालीवर आकडे घालून.
तेहेतीस माझ्या बाणांबरोबर गेली.
सात गेली नाहीत.
'गाईची जीभ' म्हणतात त्या भूशिराच्या आडोशाला
वारा वेगळाच वागतो,
ते मला ठाऊक नव्हतं. संत्र्यांना होतं.
पोरांनी ती खाल्ली, खारट तोंडं करून.

मग एका संध्याकाळी, टोपी हातात घेऊन:
"सत्त्याऐंशीचा ऑक्टोबर घालता येईल यात?"
बेलिसारिओ, धाकटा भाऊ. होडी उलटलेली.
सगळे वाऱ्याच्या दिशेनं शोधत गेले, उत्तरेला.

दीपगृहाच्या वहीतून वारा उतरवला,
कॉफीच्या डागाखालचे दोन तास अंदाजानं भरले.
हजार ठिपके सोडले.
बहुतेक डावीकडे, उघड्या समुद्रात,
विरत, एकमेकांपासून लांब.
एकोणीस मात्र जिभेमागे घुटमळले,
वळले,
आणि त्याच्या घराच्या चौकोनाला येऊन थटले.
माझ्या हिशेबात समुद्र तिथे संपतो.

तो बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला.
बोट ठेवलं. काचेवर खवल्याचा ठसा.
"हा चौकोन," म्हणाला, "पाणी कर."

केला.
अजून पुन्हा चालवून पाहिलं नाही.
बाहेर वारा पडलाय,
कुत्रं ओल्या वाळूवर उभं राहून
कशावर तरी भुंकतंय.