मुके दिवे

म्फांगानो बेटावर, धक्क्याला लागून
अवुओरचं पत्र्याचं दुकान.
छपरावर एक पॅनल, खाली ट्रकची जुनी बॅटरी,
म्हणायची बारा व्होल्ट, बहुतेक दिवशी साडेअकरा.
फोनला वीस शिलिंग, दिव्याला दहा.
उधारी खडूने दाराच्या आतल्या बाजूला.

अपोंडीने नैरोबीहून नवा चार्जर धाडला,
मोटारीत लावतात तसला, जाडजूड,
केबलला दोन्हीकडे सारखंच तोंड.
फोन भरले त्यावर, भराभर.
कोळ्यांचे दिवे मात्र नाहीत.
रात्री ओमेना धरायला नेतात ते, पिवळे, स्वस्तातले,
पहिला, दुसरा, अकरावा,
पिन नीट बसते
आणि काही नाही.

ओगुटु म्हणाला, चार्जर मेलेला आलाय.
म्हातारा न्यांगवेसो म्हणाला,
शहरातल्या वस्तूला माशाचा वास सोसत नाही.

अवुओरने दिवा उघडला.
जुना चार्जर भोळा होता,
समोर कोणी असो नसो, पाच व्होल्ट घेऊन दारात उभाच.
हा आधी चाचपतो:
कोण आहे तिकडे? पाच पेलवतील? नऊ? वीस?
उत्तर आल्याखेरीज तारेत काही सोडत नाही.
आणि उत्तर द्यायला लागतात दोन रेझिस्टर,
एक्कावन्नशे ओहमचे,
नाचणीच्या दाण्याहून बारीक,
कुठल्याशा कारखान्यात कोणीतरी वाचवलेले.
दिवा उपाशी होता.
भूक सांगायची जागाच त्यात ठेवली नव्हती.

पिन बसली म्हणजे सोयरीक जुळली असं नाही,
ती ओगुटुला म्हणाली,
आणि कथलाचा धूर चुकवत
मेलेल्या फोनांतून दाणे वेचू लागली.
चौथ्या दिव्याला बोट भाजलं.
सातव्याला चष्मा पुसावा लागला, पुन्हा पुन्हा.
नवव्याला होड्यांची हाक आली.
नऊ तर नऊ, घेऊन गेले ते,
तळ्यावर लांब ओळीत पिवळे ठिपके
हलत हलत लहान झाले.

मग फोन वाजला.
चालतोय ना गं आई चार्जर? अजून काही हवंय?
अवुओरने बॅटरीकडे पाहिलं, काटा अकरावर.
कोपऱ्यातला पत्रा उचकटलेला.
गुडघा तर पावसाआधीपासूनच.

नको बाई, म्हणाली, सगळं आहे.
तू जेवलीस का?

उरलेले दोन दिवे
टेबलावर उघडेच होते.