चोवीस खोकी

बालवाडीतून चिठ्ठी आली, पिवळ्या कागदावर:
दुधाची रिकामी खोकी पाठवा,
धुऊन, वाळवून, जमतील तितकी.
खाली नारुमीबाईंनी पेन्सिलीनं लिहिलं होतं,
घाई नाही.

आमच्या घरात दुधाचं टिपूस नव्हतं.
दूध मिकाको घ्यायची, कॉफीत, निम्मं-निम्मं.
मी कोरी पितो.
चिनात्सुला बालवाडीत मिळतं, तेवढं पुरतं,
असं आपलं मी धरून चाललो होतो.

काय करायचंय त्याचं?
स्टूल, ती म्हणाली. मोरीजवळ ठेवायला.
किती लागतील?
चोवीस.
तिची दहा बोटं संपली, माझी दहा संपली,
मग तिनं माझा मोजा काढला.

त्या रात्री शिंपल्यांच्या शेडमधून आलो,
हाताला तोच वास, साबणाला न जुमानणारा,
आणि ओट्याशी उभ्या उभ्या लिटरभर दूध प्यालो.
थंडगार होतं. तरी फुंकर मारली गेली.

दुसऱ्या रात्री दुधात भात शिजवला, तो करपला.
तिसऱ्या रात्री बटाट्याचं सूप.
चौथ्या रात्री पोट म्हणालं, बास.
शेडमध्ये ओकुदेरा हसला,
काय रे, चाळिशीत दूधखुळा झालास?
मी सांगितलं काय ते.
सोमवारी त्याच्या डब्याच्या पिशवीत तीन खोकी, दाबून चपटी केलेली.
न्हावी सावागुचीनं पाच आणून दारात ठेवली,
सुतळीत बांधून, वर ना नाव ना गाव,
पण सुतळीला केस चिकटले होते.
पोस्टातल्या बाईंनी दोन दिली,
त्यातलं एक संत्र्याच्या रसाचं. चालेल ना हो?
चिनात्सुनं ते उलटसुलट करून पाहिलं.
मध्ये घालू, म्हणाली. कुणाला दिसणार नाही.

स्टोव्हवर दोरी बांधली. दोरीला चिमटे, चिमट्यांना खोकी.
रात्री अंधारात थेंब पडायचे,
चर्र.
मग बराच वेळ काही नाही.
मग चर्र.

खोक्याच्या माथ्यावर एक खाच असते, नखाएवढी.
ज्यांना दिसत नाही त्यांना बोट फिरवून कळावं
की हे दूधच आहे, म्हणून.
इतकी वर्षं मला दिसत होतं,
ही खाच तेवढी दिसली नव्हती.

आत जुनी वर्तमानपत्रं कोंबायची, चुरगळून, घट्ट.
भरतीच्या वेळा, शिंपल्यांचे भाव,
काळ्या चौकटीतली माणसं.
ती मुठीनं ठोसत राहायची.
अजून, बाबा. अजून भर.
पोकळ राहिलं तर मी आत जाईन.

बांधायचं कसं ते नारुमीबाईंनी दाखवलं,
आधी चार-चारांचे गठ्ठे, मग गठ्ठ्यांचा गठ्ठा,
चिकटपट्टी कंजूषपणा न करता.
वरचं कापड तुमच्या घरचं.
मी कपाट उघडून बसलो.
खाली, मागे, तिचा रेनकोट होता.
मिकाकोनं मुद्दाम दोन वर्षं मोठा घेतलेला,
बाह्या दुमडून घालायचा.
आता मनगटंही झाकत नाही.
मी कात्री हातात धरून होतो.
काप ना, चिनात्सु म्हणाली,
तसाही आता तो स्टुलाच्याच मापाचा आहे.

आधी मी बसलो. नियम म्हणून.
कुरकुरलं. टिकलं.
मग ती चढली.

आजवर तिला काखेत धरून उचलायचो,
ती तोंड धुवायची आणि माझी बाही भिजायची.
आरशात तिचं कपाळ तेवढं यायचं आणि माझी हनुवटी.
आता ती अख्खी आली.
स्वतःकडे बघत राहिली, दात दाखवून, जीभ दाखवून,
मग अजिबात काही न दाखवता.
बाबा, तू जा, म्हणाली. मी करते.

मी बाहेर येऊन उभा राहिलो.
बाही कोरडी होती.

दुसऱ्या दिवशी दुकानातून येताना
पिशवीत एक दुधाचं खोकं निघालं. सवयीनं.
चोवीस तर कधीच झाली होती.
दोन दिवस ते फ्रिजमध्ये तसंच राहिलं.
तिसऱ्या दिवशी सकाळी
स्टूल घासत ओट्यापर्यंत नेल्याचा आवाज आला,
आणि थोड्या वेळानं तिनं
माझ्या कोऱ्या कॉफीत, न विचारता,
खूपच जास्त दूध ओतलं.